घरात मराठी बंद

कृष्णाबाई साळुंखे बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार व्हायचा. असं लोक त्यांच्या पाठीमागं नाही, तोंडावर म्हणायचे आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटायचं नाही. कोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावातून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत त्या बसल्या, की पहिल्या दोन थांब्यांतच कंडक्टरच्या बायकोच्या माहेरापर्यंत चौकशी पोचलेली असायची. नवरा मारुतराव अबोल माणूस. "त्यांच्या वाटणीचंही मलाच बोलावं लागतं," असं त्या सांगायच्या. मारुतराव गेले, मोकळ्या घरात भिंतींशी किती बोलणार, म्हणून मुलगा उदयसिंह आईला दिल्लीला घेऊन आला. तो फौजेत हवालदार. कॅन्टोन्मेंटमध्ये त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं.

आता अशा बाईला कुणी गप्प बसवावं का, तुम्हीच सांगा. आणि तेही सख्ख्या नातवासमोर? पण बसवलं. चांगलं दीड-पावणेदोन वर्षं बसवलं. आणि कशासाठी, ते ऐकलंत तर तुमचंही डोकं फिरेल.

दिल्लीत आल्या आल्या कृष्णाबाईंची अर्धी बोलती तशीही बंदच झाली होती. त्यांचं हिंदी म्हणजे देवाची करणी. भाजीवाल्याला "ये भेंडी कोवळा है का रे?" असं विचारायच्या आणि तो बिचारा दुधी उचलून दाखवायचा. शेजारची गढवाली बाई भली होती, पण दोघींचं बोलणं हसण्यावर आणि मान हलवण्यावर चालायचं. मुलगा ड्यूटीवर, सून स्वप्नाली घरकामात. राहता राहिला एकच हक्काचा माणूस, तीन वर्षांचा विश्वजित. आजीनं बोलावं आणि विशूनं ऐकावं. मारुतरावांची म्हैस सरपंचांच्या पोरीच्या लग्नात मांडवात कशी घुसली, नवरदेव टेबलावर कसा चढला, ही गोष्ट त्यानं किती वेळा ऐकली असेल त्याला गणती नाही. तरी पुन्हा गुडघ्यावर हात ठेवून विचारायचा, "आजी, मग? मैश पयायी?"

म्हणजे म्हैस पळाली का. पोराचं बोलणं असं अर्धवट होतं. र यायचा नाही, ल यायचा नाही, ट आणि ड तोंडातच कुठंतरी विरून जायचे. बापाला त्यातलं काही कळायचं नाही, आईला निम्मं कळायचं. कृष्णाबाईंना मात्र सगळं कळायचं. पोरगं काय म्हणतंय ते त्या घरातल्यांना समजावून सांगायच्या, आणि या कामाचा त्यांना केवढा तोरा होता! "मला इचारा. माझ्यासंगं कसं घडाघडा बोलतंय," असं म्हणायच्या.

मग पोराला नर्सरीत घातलं. कॅन्टोन्मेंटच्या बाहेरची एक खाजगी शाळा. महिनाभरात मॅडमनी नवरा-बायकोला बोलावून घेतलं. बच्चे की स्पीच क्लियर नहीं है. घर में कौन सी भाषा बोलते हैं? मराठी म्हटल्यावर मॅडमनी असा चेहरा केला, जणू घरात गॅस गळतोय. "बस, यही प्रॉब्लम है. बच्चा कन्फ्यूज़ हो रहा है. घर में सिर्फ़ हिंदी-इंग्लिश बोलिए. मराठी बिल्कुल बंद."

दुसऱ्या कुठल्या घरात असता, तर हा सल्ला चार दिवस टिकला असता. पाचव्या दिवशी आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं असतं आणि सगळं पूर्ववत झालं असतं. पण उदयसिंह पडला फौजी. वरून सांगितलं की ते करायचं, का म्हणून विचारायचं नाही, हे त्याच्या रक्तात भिनलेलं. शाळेच्या मॅडम म्हणजे त्याला जणू कमांडिंग ऑफिसरच वाटल्या. संध्याकाळी बूट काढायच्या आधीच त्यानं हुकूम सोडला.

"आजपासून विशूसमोर मराठी बंद. सगळ्यांनी. आई, तू पण."

"मी? आरं, मग मी काय बोलू त्याच्याशी?"

"हिंदी बोल."

"मला हिंदी येतं का रे मेल्या?"

"मग थोडं कमी बोल."

कमी बोल! कृष्णाबाईंना म्हणे कमी बोल! आयुष्यात त्यांना सासूनं सांगितलं नव्हतं, नवऱ्यानं सांगितलं नव्हतं, गावच्या सरपंचानं हात जोडले तरी त्या थांबल्या नव्हत्या. पोटच्या पोरानं सांगितलं. त्यांच्या पायाची आग मस्तकात गेली. पण नातवाचं बोलणं सुधारणार असेल तर आपण आड का यावं, असं म्हणून त्यांनी ते गिळलं.

प्रयत्न केला हो त्यांनी. "विशू, इधर ये, जेवण कर ले, नहीं तो भात गार होता है," असं काहीतरी जुळवायच्या. पण स्वप्नाली लगेच कासावीस व्हायची. "आई, मिक्स नका ना करू. मॅडम म्हणाल्या, मिक्स केलं तर आणखी वाईट." मिक्स नाही, मराठी नाही, हिंदी येत नाही. उरलं काय? डोंबल! मूग गिळून बसायचं. आजीची दादी झाली. रात्रीच्या जेवणाला साताऱ्याचा लेक आणि वाईची सून एकमेकांशी स्टेशनवरच्या घोषणेसारखं हिंदी बोलायला लागली. "रोटी और चाहिए?" "नहीं, बस." मग पोरगं झोपलं की स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं आणि चोरट्यासारखं मराठीत कुजबुजायचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत!

एकदा विशू खेळून घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, "आई, पाई दे." स्वप्नाली पेला हातात धरून तशीच उभी राहिली. "हिंदी में बोलो. क्या चाहिए?" पोरगं तोंडाकडं बघत राहिलं. घशाला कोरड पडलेली, आणि आई पाणी धरून उभी. शेवटी "पाई" चं "पाई" च राहिलं, फक्त पुढं "दो" लागलं, तेव्हा कुठं पेला खाली आला. कृष्णाबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्या उठून गच्चीवर गेल्या आणि वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभं राहून त्यांनी त्या मॅडमना साताऱ्याकडच्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या. एकेक करून, सावकाश. तेवढाच जीव हलका झाला.

स्वप्नाली काही वाईट नव्हती बरं का. तीही रडकुंडीला आलेली. पोरगं आधी मराठीत अर्धवट बोलायचं, आता हिंदीत अर्धवट बोलायला लागलं, फरक काय पडला? शून्य. वर्गातली पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसायची. हळूहळू त्यानं बोलणंच कमी केलं. विचारलं तर मान हलवायचा, बोटानं दाखवायचा. मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं, तर ते म्हणाले, "लड़के देर से बोलते हैं, पाँच साल तक देखिए." जीभ कुणी पाहिली नाही. आणि शाळेनं काय म्हणावं? "अभी भी घर में मराठी चल रही होगी. दादी बोलती होंगी."

घ्या! जी बाई वर्षभर तोंड शिवून बसलेली, तिच्याच नावानं खापर! हे स्वप्नालीनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा कृष्णाबाई जेवायला बसल्या होत्या. जेवणाचं ताट सरकवून त्या उठल्या.

उलगडा झाला तो एका किडक्या दाढेमुळं. विशूची दाढ ठणकायला लागली, गाल सुजला, म्हणून सासू-सुना त्याला दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होता. त्यानं दाढ पाहिली, मग म्हणाला, "बेटा, जीभ बाहर निकालो. पूरी." विशूनं काढली. खालच्या ओठाच्या कडेपर्यंत आली आणि अडली. टोक मधूनच आत ओढलं गेलं आणि जिभेचा आकार पत्त्यातल्या बदामासारखा झाला. डॉक्टरनं बोटानं जीभ वर उचलली, तर खाली ताणलेला एक पांढरट पडदा, अगदी टोकापर्यंत चिकटलेला. जीभ टाळूला लागतच नव्हती. दाढेतलं अडकलेलं अन्न जिभेनं काढता येत नव्हतं, म्हणून दाढ किडली होती. "टंग-टाय है. जन्म से है. किसी ने बताया नहीं?"

कृष्णाबाईंना एकदम आठवलं. आपल्याकडं मोठ्या माणसाला जीभ दाखवली की पाठीत धपाटा ठरलेला. क्वार्टरांच्या लाइनीतली सगळी कार्टी कृष्णाबाईंचं हिंदी ऐकून त्यांना जीभ काढून वेडावायची. एकटा विशू कधी कुणाला वेडावत नसे. केवढं कौतुक केलं होतं त्यांनी त्याचं! गावाकडं फोन करकरून सांगितलं होतं, "दिल्लीची पोरं मेली जीभ काढत्यात, पण माझा नातू? लई वळणाचा. एकदा सुद्धा कुणाला जीभ दाखवली न्हाई." दाखवणार कशी? त्याची ती बाहेर येतच नव्हती! आपणच डोळे असून आंधळे, म्हणून त्यांनी तिथंच कपाळावर हात मारला. स्वतःवरचा हा राग त्यांना बाकी सगळ्या रागांपेक्षा जड गेला.

डॉक्टर मात्र उत्साहात होता. त्यानं विशूचा वरचा ओठ उलटा केला. "देखिए, लिप-टाय भी है. लेज़र से दोनों आज ही कर देते हैं, पाँच मिनट का काम है." स्वप्नाली हो म्हणायच्या बेतात होती. बिचारीला वाटलं, पाच मिनिटांत सगळं मिटणार. पण नवऱ्याला फोन लावल्यावर उदयसिंह म्हणाला, "फक्त दाढेचं करून या. बाकी आपल्या हॉस्पिटलमध्ये दाखवू." एकदा तरी त्याची फौजी खोड कामाला आली म्हणायची.

सैनिकी हॉस्पिटलमधल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर वयानं मोठ्या होत्या आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी आधी ओठ पाहिला. असा पडदा कमी-जास्त सगळ्यांनाच असतो, त्याला हात लावायचं काही कारण नाही, म्हणाल्या. मग विशूला जीभ वर, डावीकडं, उजवीकडं करायला लावली. सगळ्या अडकलेल्या जिभा कापायच्या नसतात, कित्येक पोरांचं काही अडत नाही. पण याची वर जात नाही आणि अक्षरंही तीच अडतात जी जीभ वर लावून म्हणायची असतात, म्हणून ही सोडवू. थोडी भूल द्यावी लागेल. "आणि एक लक्षात ठेवा," असं त्यांनी हिंदीत बजावलं, "पडदा कापला की पोरगं लगेच बोलायला लागतं असं नसतं. नंतर जिभेचे व्यायाम आणि स्पीच थेरपी, ते खरं काम."

तपासणी संपल्यावर उदयसिंहनं सावधान उभं राहून विचारलं, "मैडम, घर में मराठी तो अभी भी बंद रखनी है ना?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मराठी का इससे क्या लेना-देना?"

झालं. एवढंच वाक्य. पावणेदोन वर्षांचा हुकूम एका वाक्यात निकालात निघाला. उदयसिंह फरशीकडं बघत राहिला. कृष्णाबाईंना वाक्य नीट कळलं नाही, म्हणून त्यांनी सुनेला विचारलं. स्वप्नालीनं त्यांच्या कानात मराठीत सांगितलं.

ऑपरेशन अर्ध्या दिवसात उरकलं. पण त्याआधी कृष्णाबाईंनी एक हट्ट धरला. शाळेत जायचं, त्या मॅडमना भेटायचं. आदला दिवसभर त्या हिंदी जुळवत बसल्या होत्या. आपने हमको गप बैठाया. नाही, चुप बैठाया. हमारे नातू को कुछ कन्फूज नहीं था, उसका जीभ अडका था. आपने मेरा घर का बोलना बंद किया. शाळेच्या फाटकाशी मॅडम भेटल्या. स्वप्नालीनं टंग-टायचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अच्छा? चलिए, अच्छा हुआ पता चल गया." कृष्णाबाई पुढं सरसावल्या. "आपने मेरा... हमारा बोलना..." मॅडमनी गोड हसून हात जोडले. "नमस्ते दादीजी." आणि त्या मागच्या पालकांकडं वळल्या. बस. भांडायला सुद्धा समोर कुणी उभं राहिना! घरी येईस्तोवर कृष्णाबाई रिक्षाची दांडी आवळून बसल्या होत्या.

पुढचे दिवस व्यायामाचे. वरच्या ओठाला मध लावायचा आणि विशूनं तो जिभेनं चाटायचा. आरशासमोर बसून जीभ टाळूला लावायची आणि टक्क वाजवायची. पोरगं कंटाळायचं, रडायचं, स्वप्नाली समजवायची, ओरडायची, पुन्हा समजवायची. कृष्णाबाईंना आता मोकळीक होती; आई-बापाच्या तोंडात मात्र पोराशी बोलताना हिंदीच बसलं होतं. त्या त्याच्या जवळ जाऊन बसायच्या, "दुखतंय का रं राजा? मध गोड लागतोय ना?" असं विचारायच्या. तो त्यांच्याकडं बघायचा आणि उठून दुसऱ्या खोलीत पळायचा. तोंड हुळहुळतंय, म्हणून बोलत नसेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

स्पीच थेरपीला द्वारकेला जायचं होतं. तिथल्या देवयानी मॅडम निघाल्या मराठी! दिल्लीतच वाढलेल्या, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या, बोलण्यात निम्मं हिंदी. पण मराठी! कृष्णाबाईंना त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. सगळी रामकहाणी ऐकून देवयानी म्हणाल्या, "दोन भाषांनी मुलं बिघडत नाहीत हो आजी. आणि जिभेमुळं त्याचे थोडे उच्चारच अडले होते, शब्द नाही. गप्प तो झाला ते लोक हसले म्हणून, आणि बोललं की टोकायचे म्हणून." हे ऐकताना स्वप्नालीची मान खाली गेली. कृष्णाबाईंना तिची दया आली आणि त्याच वेळी तिचा रागही आला. दोन्ही एकदम.

"आधी अक्षरं सुटी बसवू, मग शब्द," देवयानी म्हणाल्या. "गप्पांचं नंतर. ते तुमचं काम, आजी."

माझं काम! कृष्णाबाई त्या दिवसाची वाट बघत राहिल्या. आठवड्यांमागून आठवडे त्या बाहेरच्या बाकावर बसायच्या आणि आतून ट, ड, ल ऐकू यायचे. र सगळ्यात हट्टी. तो येता येईना.

शेवटी तो दिवस उजाडला. "चलो, आज आजी आत येणार," देवयानी म्हणाल्या. "आज मी काही बोलणार नाही. आजी, तुम्ही बोला. बिल्कुल घरी बोलता तसं. काहीही."

कृष्णाबाईंनी पदर सारखा केला. विशूसमोर छोट्या खुर्चीवर कशाबशा बसल्या आणि सुरू झाल्या. काय हो ते बोलणं! कधीपासूनचं तुंबलेलं! रिक्षावाल्यानं आज कसा उलटा फेरा मारला, गच्चीवर माकड आलं आणि गढवालीणबाईंचे पापड घेऊन पळालं, डब्यातली चटणी तिखट झाली होती का, वर्गात शेजारी कोण बसतं, तो मित्र खोडकर आहे का गरीब आहे. मध्येच थांबून, पुढं झुकून त्यांनी विचारलं, "सांग की रं राजा. काय नाव त्याचं?"

विशू पाय हलवत ऐकत होता. त्यानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा देवयानींकडं. मग जीभ नीट टाळूला लावून, शिकवल्याप्रमाणं सावकाश, एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत तो म्हणाला, "दादी, आप हिंदी में बोलो ना. मेरे को मराठी नहीं आती."

देवयानींनी टाळी वाजवली. "वा वा! र ऐकलात? दोन्ही र क्लिअर!" स्वप्नालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पोराच्या तोंडून एवढं लांब, एवढं स्वच्छ वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं तिथूनच नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. "अहो, बोलला! र आला! विशू, पापा को सुनाओ, फिर से बोलो!"

कौतुकानं विशू फुलून गेला. फोनकडं तोंड करून त्यानं मोठ्यानं सांगितलं, "मेरे को मराठी नहीं आती!"

"शाबाश!" फोनमधून उदयसिंह ओरडला. "शाबाश मेरे शेर!"

कृष्णाबाई त्या छोट्या खुर्चीवर तशाच बसलेल्या होत्या. त्यांनी हात पुढं करून सुनेच्या हातातला फोन घेतला.

"उदय," त्या म्हणाल्या, "पोरगं काय बोललं, ते ऐकलंस का रे?"

देवयानींचे टाळी वाजवलेले हात खाली आले. स्वप्नाली भिंतीकडं वळली. आत्ता आत्तापर्यंत सगळे शाबासकी देत होते, ती एकदम का थांबली, ते विशूला कळेना. त्यानं जवळ येऊन आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"फिर से बोलूँ?" त्यानं विचारलं.